आग्नेयेचा कोपरा

"ही कर्दळ ठेवायची की काढायची?" मुकुंददादानं कुदळ खाली टेकवत मला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती काढली. माझ्या भावाचं विचारणं लहानपणापासून असंच आहे.

चैत्रातला शनिवार होता. पाडवा होऊन गेला होता आणि सांगलीचं ऊन सकाळीच अंगावर यायला लागलं होतं. आईचं वर्षश्राद्ध फाल्गुनात उरकलं, तेव्हाच दादानं घराचा निकाल लावला होता. विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं. दातांचे एक डॉक्टर घ्यायला तयार होते. पुढच्या खोल्यांत दवाखाना, मागच्या खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड, आणि परसात फरशी घालून गाड्या लावायची सोय. ते सोमवारी घर बघायला येणार होते. त्याआधी परस जरा माणसांत आणायचं म्हणून दादा आणि शैलावहिनी पुण्याहून आले होते, मी सोलापुरातून आले होते.

राहता राहिली चंपूआत्या. अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, ही धाकटी बहीण. नवऱ्यानं टाकली म्हणून माहेरी आली ती कायमचीच. आम्हाला कळायला लागलं तेव्हापासून ती घरात होतीच, जशी विहिरीवरची मोटर होती तशी. झोपायला मधल्या खोलीत, आणि कपडेलत्ते, औषधं, पोथ्या स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या एका फडताळात. एवढाच तिचा संसार. आईच्या शेवटच्या आजारपणात सगळं तिनंच केलं. आता घर भाड्यानं जाणार म्हटल्यावर दादानं पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात तिचं नाव घालून ठेवलं होतं. चांगला आहे म्हणे, बाग आहे, टीव्ही आहे. फक्त हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"तू सांग," दादा मला म्हणाला होता. "बायकांचं बायकांना बरं पडतं."

मी सांगणार नाही म्हटलं. हे मला पटलेलंच नाही म्हटलं. तर म्हणाला, मग घेऊन जा सोलापूरला. माझ्याकडे दोन खोल्यांत सासू, सासरे, एक नणंद आणि आम्ही चौघं. एवढं बोलून माणूस गप्प बसतं हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि मी बसलेही. रविवारी दुपारची जेवणं झाल्यावर आत्याला सांगायचं, असं शेवटी ठरलं. कुणी, ते मात्र ठरलं नाही.

शनिवारी आम्ही विहिरीकडची बाजू काढली. आईच्या आजारपणात तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं, त्यामुळे पाचोळ्याचा थर घोट्यापर्यंत चढला होता. त्याखाली काय काय निघालं. आईचं पितळी फुलपात्र, ज्याच्यावरून एक मोलकरीण बोलणी खाऊन गेली होती. दादाचा चेंडू. माझ्या बाहुलीचा एक हात. तो हात दादानंच तोडला असं मी आयुष्यभर म्हणत आले होते आणि कुत्र्यानं नेला असं तो. हातावर दात उमटलेले होते. त्यानं तो माझ्या तोंडासमोर नाचवला आणि माफी माग म्हणाला. मी म्हटलं, दात कुणाचे आहेत ते सोमवारी डॉक्टरांना दाखवू. वहिनी हसली, दादाही हसला. खूप दिवसांनी आम्ही दोघं असे हसलो होतो आणि मला बरं वाटलं, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत्याचा आवाज आला.

"मुकुंदा, माझ्या मोगऱ्याला हात लावू नका हं. कळ्या धरल्यात."

"नाही गं," दादा म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता पाचोळा ओढायला लागला.

उन्हात येऊ नकोस, असं सांगून त्यानं तिला आतच ठेवलं होतं. तिनं आंब्याची डाळ करून बाहेर पाठवली. आम्ही ती झाडाखाली बसून खाल्ली. घास उतरत नव्हता, असं म्हणायला पाहिजे खरं म्हणजे, पण डाळ इतकी चांगली झाली होती की मी दोनदा घेतली.

तिचा मोगरा होता स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. तिथं एक चौकोनी वाफा होता, बाकीच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच. सगळ्या परसात चांगलं जे काही यायचं ते तिथंच. मोगरा, कुंदा, गुलबक्षी, कढीलिंब, पलीकडच्या टोकाला अनंत, अलीकडच्या अंगाला रामफळ. या वाफ्याचे आत्याचे कायदे होते. चपला घालून जायचं नाही. आणि कुठूनही चढायचं नाही, वळसा घालून रामफळापाशी यायचं आणि तिथून आत जायचं. चेंडू गेला तरी हाच रिवाज. आम्ही चपला काढून, वळसा घालून, चेंडू घेऊन, परत वळसा घालून येईपर्यंत समोरचा गडी चार धावा काढून मोकळा. आमच्या घराण्यात क्रिकेट टिकलं नाही ते त्यामुळे. तिथं तुळस नव्हती, देव नव्हता. मग हे सोवळं कशाचं, असं मी एकदा आईला विचारलं होतं. आई म्हणाली, तिला बरं वाटतं ना, मग काढायच्या चपला.

रविवारी सकाळी आत्या बर्व्यांकडे गेली. त्यांच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं आणि कॉलनीत कुणाकडेही गौर बसली की आरास करायला आत्या आणि फुलं आत्याची, हे ठरलेलं. पहाटेच टोपलीभर मोगरा काढून ती फाटकातून बाहेर पडली. दादा थांबलाच होता. ती वळणावर दिसेनाशी झाली तसा त्यानं पुण्याहून आणलेले जाड बूट चढवले, कुदळ घेतली आणि सरळ वाफ्यात शिरला. रामफळाकडून नाही, समोरून.

मी म्हटलं, तिला येऊ दे तरी. तो म्हणाला, आल्यावर रडारड होणार, त्यापेक्षा आधीच झालेलं बरं. मी त्याला निर्दय म्हटलं. त्याचे कान लाल झाले. कुदळ मात्र थांबली नाही.

चौथ्या-पाचव्या घावाला खण्ण वाजलं. माती बाजूला केली तर काळा घडीव दगड. त्याला लागून दुसरा, त्याला लागून तिसरा, सगळे एका ओळीत चुन्यात बसवलेले. दादा खूश झाला. हल्ली असा दगड मिळत नाही म्हणाला, पुढच्या पायऱ्यांना होईल. ओळीच्या मागे तो खणत गेला. रामफळापाशी एक लांबट दगड ओळीच्या बाहेर आला होता, पायरीसारखा. ओळ पुढे अनंतापर्यंत गेली आणि तिथं काटकोनात वळली. त्या कोपऱ्यात, अनंताच्या मुळाशी, कुदळीला धातू लागला.

तांब्याचा डबा होता, हिरवा पडलेला. मला वाटलं दागिने. वहिनी घमेलं टाकून धावत आली, तिलाही तेच वाटलं असणार. दादानं झाकण उचकटलं. आत काळी ओल, धान्याची फोलपटं, सुपारीसारखं काहीतरी, कापडाच्या लाल चिंध्या, आणि त्यात पालथं घातलेलं बोटाएवढं एक माणूस. धातूच्या पत्र्याचं, हातपाय असलेलं.

वहिनी दोन पावलं मागे सरली. "करणी आहे ही," ती म्हणाली.

दादा वीज मंडळात इंजिनियर. तो म्हणाला, काहीतरी बोलू नकोस. पण डबा त्यानं खाली ठेवला आणि हात पँटला पुसले, ते मी पाहिलं. वहिनीला मग थांबवता येईना. दादाची बढती कशी दर वेळी ऐन वेळी हुकते, त्यांच्या मुलाचं बारावीला काय झालं, तिची कंबर लग्नाआधी कधी दुखत नव्हती, सगळं त्या एका डब्यात जाऊन बसलं. आणि मग ती ते बोलली.

"म्हणून चपला घालून येऊ देत नव्हत्या कुणाला. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. अहो, आपल्याच घरात, आपल्याच माणसानं..."

इतक्या वर्षांचं ते चपला काढणं, तो वळसा, आणि हा डबा. कुलपाला किल्ली लागावी तसं ते लागलं. मी काही फार शिकलेली बाई नाही, पण अडाणीही नाही. तरी त्या क्षणी मी मोगऱ्यातून पाय मागे घेतला.

दादा म्हणाला, आता दुपारची वाट बघायची नाही. आत्ताच तिचं सामान गाडीत घालतो आणि संध्याकाळच्या आत सोडून येतो. डबा वाटेत कृष्णेत. बोलताना त्याचा आवाज चढला होता. मला वाटतं, त्याला एक प्रकारे सुटल्यासारखं झालं होतं. टाकून येण्यापेक्षा हाकलून देणं माणसाला सोपं जातं.

मागच्या फाटकाची कडी वाजली. आत्या आली. हातात भिजवलेल्या हरभऱ्यांचा द्रोण. तिनं खणलेला वाफा पाहिला, उपटून टाकलेला मोगरा पाहिला, आणि मग डबा. द्रोण तिनं धुण्याच्या दगडावर ठेवला.

"कुणी काढला?"

"मी," दादा म्हणाला.

"मग झाकण लाव त्याला. ऊन लागतंय."

"आत्या, हे काय पुरलंयत तुम्ही?" वहिनीनं विचारलं.

"मी कशाला पुरू? अण्णानं पुरलाय. वास्तुपुरुष आहे तो तुमचा."

दादाच आधी सावरला.

"वास्तुपुरुष घरात असतो, आत्या."

"घरातच आहे," ती म्हणाली. "आग्नेयेच्या कोपऱ्यात."

डाळीचा डबा वरच्या फळीवर आहे, असं सांगावं तसं तिनं सांगितलं. मी वर पाहिलं. वर अनंताच्या फांद्या होत्या आणि आभाळ होतं.

मग धुण्याच्या दगडावर बसून तिनं सगळं सांगितलं. सांगताना ती आमच्याकडे कमी आणि दगडांच्या ओळीकडे जास्त बघत होती. अण्णांनी हे घर बांधायला काढलं तेव्हा ती नुकतीच माहेरी आली होती. स्वयंपाकघराला लागून तिची खोली काढायची, खोलीला बाहेरून वेगळं दार ठेवायचं, म्हणजे कुणाच्या पायात यायला नको, असा अण्णांचा बेत. खोलीचं जोतं झालं आणि सिमेंट संपलं. तेव्हा सिमेंट परमिटावर मिळायचं. बाकी घरावर स्लॅब पडला होता, चातुर्मास तोंडावर आला होता, म्हणून वास्तुशांत उरकून घ्यायची ठरली. वास्तुपुरुष घराच्या आग्नेयेला पुरतात. गुरुजी म्हणाले, स्वयंपाकघराचा कोपरा आग्नेय धरू. अण्णा ऐकेनात. म्हणाले, माझं घर तिथं संपत नाही, ते पुढच्या कोपऱ्यापर्यंत आहे. गुरुजी म्हणाले, अहो, उघड्यावर वास्तुपुरुष पुरायचा म्हणजे काय?

"तर अण्णा म्हणाला, उघडं कुठंय गुरुजी? छप्पर तेवढं राहिलंय. ते घालू." आत्या हसली. "त्याच दिवाळीत सासरची माणसं न्यायला आली. चार मोठी माणसं म्हणाली, जा. गेले. खोलीचं मग कशाला कोण बघतंय? पुढच्या श्रावणात मी परत आले, तोवर तुझ्या आईचे दिवस भरत आलेले. तुझ्या वेळचे, मुकुंदा."

"मग नंतर का नाही बांधली?" दादानं विचारलं. आवाज अजून वरच होता, पण आता तो कुणावर चढला होता ते कळत नव्हतं.

"कुणी नाही म्हटलं नाही रे. तुझी आई तर दर उन्हाळ्यात विषय काढायची. मग तुझी मुंज आली, मग या हेमाचं शिक्षण, मग अण्णाचं दुखणं. मीच म्हणायचे, राहू दे. माती भरून घेतली, चार झाडं लावली. ते फडताळ दाराएवढं का आहे, कधी विचारलंत?"

नव्हतं विचारलं. स्वयंपाकघराच्या भिंतीत माणूस जाईल एवढं उंच फडताळ होतं, वर लाकडी चौकट होती, खाली उंबरठासुद्धा होता. लहानपणी लपंडावात मी तिथं लपत असे. आत्या आयुष्यभर तिच्या खोलीच्या दारात सामान ठेवून राहिली होती. मला रडू आलं आणि मी डोळे पुसलेही नाहीत.

"तुमचं जे ठरलंय ते मला माहीत आहे," ती पुढे म्हणाली. "गेल्या महिन्यात फोनवर बोलत होतास, ते ऐकलं मी. ट्रंक भरलेली आहे माझी. मला काही म्हणायचं नाही, कुठंही चार दिवस निघतात. पण त्याला आधी झाका. होता तसा पालथाच ठेवायचा. आणि मुकुंदा, त्याच्यावरनं गाड्या नेऊ नयेत."

दादा डब्याकडे बघत उभा होता. वहिनीच पुढे झाली. तिनं खाली बसून पदरानं डब्याची माती पुसली आणि मान वर न करता विचारलं, "आत्या, हळदकुंकू आणू का?"

"आण. आणि थोडे तांदूळ."

आत्या उठली. वाफा सगळा उकरलेला, कुठूनही चढता आलं असतं. ती वळसा घालून रामफळापाशी गेली. त्या लांबट दगडाशी, जो दादा पायऱ्यांसाठी काढून नेणार होता, तिनं चपला काढल्या, त्यावर पाय ठेवला आणि आत गेली. अनंताखाली उकिडवी बसून तिनं खड्ड्यातली ढेकळं हातानं बाजूला केली.

"ये की," ती दादाला म्हणाली. "मला वाकवत नाही आता फार."

दादा जोत्याच्या मधोमध बूट घालून उभा होता. तो आल्या वाटेनं मागे मागे जात बाहेर पडला. विहिरीकडून वळसा घालून रामफळाशी आला. खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला, त्या ओल्या झाल्या होत्या, सुटता सुटेनात. आम्ही तिघी बायका थांबलो. शेवटी बूट निघाले. मोजेही काढले त्यानं. ते बूट त्यानं आत्याच्या चपलांशेजारी नीट लावून ठेवले आणि दगडावर पाय देऊन आत गेला.

दुपारी आम्ही जेवलो. ठरल्याप्रमाणे आत्याला काहीच सांगायचं राहिलं नव्हतं, त्यामुळे कुणी काही सांगितलं नाही. आत्यानं दादाला डाळ वाढली, त्यानं आणखी मागितली. संध्याकाळी तो टेप घेऊन पुन्हा परसात गेला आणि बराच वेळ आलाच नाही. मी बघायला गेले तर टेप बाजूला पडलेली होती आणि तो उपटलेला मोगरा परत लावत होता, वेडावाकडा. त्याला झाडातलं काही कळत नाही. दोन झाडं त्यातली जगली.

मी त्याला विचारलं, काय ठरवलंस? तो म्हणाला, बघू. हे त्याचं नेहमीचं उत्तर, त्यातून काहीच कळत नाही. रात्री मधल्या खोलीत आत्याची ट्रंक भिंतीशी होती तशीच होती. ती झोपली, मला मात्र झोप आली नाही.

सोमवारी सकाळी डॉक्टर आले. बायकोही बरोबर होती. पुढच्या खोल्या त्यांना पसंत पडल्या, नळाला पाणी किती वेळ असतं ते त्यांनी विचारलं. मग स्वयंपाकघर. तिथं आत्या चहा टाकत होती. डॉक्टरांच्या बायकोनं फडताळ उघडून बघितलं आणि लुगड्यांच्या घड्या दिसल्या तशी लाजून मिटलं. मी दादाकडे बघत होते. तो त्यांना घेऊन मागच्या दारानं परसात गेला, मी पाठोपाठ गेले.

डॉक्टरांनी डोळ्यांनीच जागा मोजली. विहीर, धुण्याचा दगड, रामफळ. "म्हणजे गाड्या या बाजूनं आत आल्या की..." ते हातानं दाखवायला लागले.

"या बाजूनं नाही येणार," दादा म्हणाला. "गाड्या पुढं रस्त्यावर लावायला लागतील. आणि स्वयंपाकघर तुम्हाला आमच्या आत्याबरोबर वापरावं लागेल. मागची खोली तिची आहे, ती द्यायची नाहीय."

मागे आत्या चहाचा ट्रे घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. दादाला ते माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी पुन्हा एकदा सगळीकडे पाहिलं. चौकोनी वाफा, कोपऱ्यातला अनंत, कालची वेडीवाकडी मोगऱ्याची रोपं. मग ते जरा संकोचानं म्हणाले, "कुठली खोली?"

"ही काय," दादा म्हणाला. "छप्पर तेवढं राहिलंय."

मृगाच्या आत त्यानं ते घातलं.